होडीत उरलेल्याची तयारी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या संस्थेचे कार्याध्यक्ष माननीय परशुरामपंत भिडे, प्रमुख पाहुणे डॉक्टर मुळ्ये, मुख्याध्यापिका आनंदीबाई, व्यासपीठावरील संस्थेची वडीलधारी मंडळी, माझे सर्व सहकारी, कार्यालयातील मंडळी, पालक, आजच्या आणि कालच्या माझ्या विद्यार्थिनींनो, आणि मघापासून दाराशी उभ्या असलेल्या सगुणाबाई, तुम्हीही. आत या, बसा. आज घंटा द्यायला कोणी धावायचं कारण नाही. माझा तास संपला हे सगळ्यांना कळलेलं आहे.

मला बोलायची सवय आहे, पण ती हातात खडू असताना. आज हातात खडू नाही आणि अंगावर शाल आहे. नोव्हेंबर संपत आला तरी रत्नागिरीत शाल कोणाला सोसते? तेव्हा थोडा घाम आणि थोडा गोंधळ आपण समजून घ्यावा.

अध्यक्षांनी मला श्रीफळ दिलं तेव्हा मी ते हातात तोललं आणि कानाशी नेऊन हलवलं. पुढच्या रांगेतल्या मुली हसल्या. बाई सत्काराचा नारळसुद्धा पारखून घेतात, असं त्यांना वाटलं असणार. तसं नाही गं. ती माझ्या हाताची जुनी खोड आहे. नारळ हातात आला की तो पाण्यावर किती वर राहील, याचा अंदाज हात आपोआप घेतो. ही खोड कशी लागली ते सांगते. त्या निमित्ताने आनंदीबाईंच्या भाषणात एक दुरुस्तीही होऊन जाईल.

आनंदीबाई फार गोड बोलल्या. भूगोलाच्या निकालाबद्दल, नकाशांच्या कपाटाबद्दल, माझ्या करड्या आवाजाबद्दल. त्यातलं खरं असेल तेवढं मी ठेवून घेते. पण बोलता बोलता त्या म्हणाल्या, शेवडेबाईंनी भर समुद्रात आपल्या पतीला बुडताना वाचवलं, अशा शूर स्त्रीचा सहवास आपल्याला लाभला. टाळ्या झाल्या. मी खाली बघत बसले. आनंदीबाई, मी त्यांना वाचवलं नाही हो. मी त्यांना धरून ठेवलं. यात फरक काय, असं कोणी म्हणेल. तोच सांगावासा वाटतो आहे. सोमवारपासून माझं ऐकायला समोर वर्ग नसणार, तेव्हा आजच सांगून टाकते.

कैलासवासी हरिहरराव आपल्यापैकी बहुतेकांना आठवत असतील ते पांढरी टोपी घालून, मान खाली घालून मांडवीच्या रस्त्याने जाणारे गृहस्थ म्हणून. तुम्ही नमस्कार केलात तर नमस्कार. नाही केलात तरी त्यांचं काही अडत नसे. पूर्वी मुंबईला बंदर खात्यात नोकरीला होते. माझे सासरे गेले, आणि गणेशगुळ्याची आमची आंब्याची बाग बघायला ते नोकरी सोडून इकडे आले. मी शाळेत लागलेच होते. मूलबाळ नव्हतं. बागेकडे जायला एसटी होती, पण एसटीत माणसं बोलतात. म्हणून, हे आपलं माझं मत, त्यांनी एक लहानशी शिडाची होडी घेतली. पावसाळा संपला की दर रविवारी पहाटे मांडवीहून सुटायचं, किनाऱ्याकिनाऱ्याने दक्षिणेला जायचं, रनपारला लागायचं आणि तिथून चालत बागेत. संध्याकाळच्या आत परत. मला विचारलं, 'येणार का?' त्या घरात मला विचारले गेलेले प्रश्न फार थोडे होते. मी लगेच हो म्हटलं.

पहिल्या काही फेऱ्यांतच त्यांनी मला सुकाणू धरायला दिलं. आणि एकदा, किनारा चांगला लांब राहिल्यावर, म्हणाले, 'दोघांच्या होडीतून एक पडला तर होडीत एकच उरतो. पडलेल्याला काही शिकवायचं नसतं. त्याने फक्त तरंगायचं. शिकायचं ते उरलेल्याने.' त्यांच्या मानाने हे लांबलचक भाषण झालं. मग त्यांनी पिशवीतून एक शेंडीचा नारळ काढला, पाण्यात टाकला आणि म्हणाले, 'मी पडलो.'

मी हसले. ते हसले नाहीत. सोललेला नारळ पाण्यात जवळजवळ सगळा बुडतो, वर राहतो तो एवढासा तुकडा. माणसाचं डोकंही लांबून तेवढंच दिसतं, म्हणून नारळ. मी काय करायचं, ते त्यांनी एकदाच सांगितलं होतं. आधी ओरडायचं. मग शेजारी बांधलेली मोटारीची फुगवलेली ट्यूब त्याच्या दिशेने फेकायची. त्याच्यावरची नजर हलवायची नाही. दोरी बघायला, शीड बघायला, देवाचं नाव घ्यायला म्हणूनसुद्धा नाही. एकदा नजर सुटली की समुद्रात डोकं पुन्हा सापडत नाही. आणि मग होडी लांबून वळवून वाऱ्याला सामोरी आणायची, म्हणजे शीड रिकामं होऊन फडफडतं आणि होडी बरोबर त्याच्याजवळ येऊन थांबते. बरोबर जवळ! ऐकायला किती सोपं वाटतं. तो पहिला नारळ बहुधा गोव्याला लागला असेल.

पण मला अवघड गेलं ते वळवणं नव्हे. नारळ टाकला की हरिहरराव होडीच्या पुढच्या टोकाला जाऊन माझ्याकडे पाठ करून बसत. मी गोंधळून विचारलं, 'सुकाणू कुठल्या अंगाला दाबू?' उत्तर नाही. पुन्हा विचारलं. तेव्हा मान न वळवता म्हणाले, 'मी होडीत नाही. मी तिकडे पाण्यात आहे. माझ्याशी बोलायचं नाही.'

काय सांगू तुम्हाला! समोर तीच ओळखीची पाठ, तीच टोपी, आणि माणूस होडीत नाही. मला वेगळं असं काही वाटलंच नाही. आठवडाभर घरीही असंच असायचं. ते ओटीवर रेडिओपाशी, मी स्वयंपाकघरात. भांडण नव्हतं, हे आवर्जून सांगते. आमचं कधी भांडण झालं नाही. भांडायलासुद्धा थोडं बोलावं लागतं.

आणखी एक गंमत सांगते. आज मी त्यांचं नाव भर सभेत सरळ घेते आहे, माझ्या वयाच्या बायकांना ते खटकलं असेल. तेही होडीमुळेच. सरावात मी ओरडले, 'अहो!' ते पाठ तशीच ठेवून म्हणाले, 'अहो म्हटल्यावर समुद्रात ओ कोण देणार? नाव घे.' मी नाव घेतलं होतं ते लग्नात, उखाण्यात, तेही लोकांनी दटावल्यावर. पण किनाऱ्यावर कोणी ऐकणारं नाही अशी खात्री करून घेतली आणि ओरडले, 'हरिहर!' इतक्या जोरात, की वरून चाललेला बगळ्यांचा थवा वळला. ती टोपी थोडीशी हलली. ते हसले असावेत. पाठीवरून मला नक्की सांगता येत नाही.

अशी वर्षं गेली. मला नारळ काढता येऊ लागला. चुकत नसे असं नाही, पण दहांतले बरेच निघत. होडीतून पडणं ही आमच्या संसारातली एक रविवारची गोष्ट होऊन गेली.

ऐंशी सालच्या डिसेंबरातला तो रविवार. मुलींनो, खारे वारे आणि मतलई वारे तुम्ही माझ्याकडून शिकलात. सकाळी वारा जमिनीकडून समुद्राकडे, दुपारी समुद्राकडून जमिनीकडे. पुस्तकात या दोन वाऱ्यांची दोन चित्रं असतात. मधली वेळ पुस्तकात नसते. एक वारा पडलेला असतो, दुसरा यायचा असतो, आणि शीड कोणाचं ऐकावं ते न कळून लोंबत राहतं. आम्ही तशा वेळी रनपारच्या अलीकडे होतो. वर एक दोरी अडकली होती, ती सोडवायला हरिहरराव डोलकाठीपाशी उभे राहिले. मी सुकाणूवर. आणि कुठूनसा एकच झोत आला, भलत्या बाजूने. शिडाची काठी गर्रकन फिरली, त्यांच्या खांद्यावर बसली, आणि ते पडले.

आवाज फार लहान झाला. घागर विहिरीत सोडावी तेवढाच.

मी ओरडले. नाव घेऊन ओरडले. ट्यूब फेकली, ती बऱ्यापैकी जवळ पडली. आणि मग मला दोन पांढरे ठिपके दिसले. एक टोपी, एक त्यांचं डोकं. डोक्यावरचे केसही पांढरेच होते ना! टोपी एकीकडे चालली होती, ते दुसरीकडे. क्षणभर माझी नजर टोपीवर गेली. मग त्यातल्या एका ठिपक्याने हात वर केला. देवा, तो एक हात! त्यानंतर मी पापणीसुद्धा लववली नसेल.

तोवर नवा वारा लागला होता. मी होडी वळवली. पण भीतीने वेग आवरला नाही. मी त्यांच्या इतक्या जवळून गेले की चेहरा स्पष्ट दिसला, आणि पुढे निघूनच गेले. मागून आवाज आला, अगदी शांत. 'फार वेगात आलीस. पुन्हा.'

वर्गात मी मुलींना 'पुन्हा' म्हणते ना, तस्सं.

मी पुन्हा वळवली. या वेळी शीड वेळेवर सोडलं, होडी त्यांच्या अंगाशी येऊन उभी राहिली आणि माझ्या हातात त्यांच्या सदऱ्याची कॉलर आली. सगळं बरोबर झालं. आनंदीबाई, तुम्ही सांगितलेली गोष्ट इथे संपते. आमची संपली नाही. कारण नारळ एका हाताने वर येतो. माणूस येत नाही.

हे इतक्या वर्षांत आमच्या दोघांच्याही ध्यानात आलं नव्हतं. त्यांचा डावा हात निकामी झाला होता, कपडे भिजून जड झालेले. मी ओढलं. दोन्ही हातांनी, पाय रोवून ओढलं. होडी कलली आणि पाणी आत येऊ लागलं. ते म्हणाले, 'थांब. तू पडलीस तर वळवणार कोण?' मग त्यांच्याच सांगण्यावरून मी त्यांच्या काखेखालून दोर घेतला, होडीतल्या आडव्या फळीला बांधला, होडी चालली तर ते पाण्याखाली ओढले जातील म्हणून शीड उतरवलं, ट्यूब त्यांच्या छातीशी दिली. बांधलेल्या दोरावर माझा भरवसा नव्हता, म्हणून त्याचं टोक हाताला गुंडाळून कडेशी बसले. आसपास एकही होडी नव्हती. किनारा दिसत होता, पण किनाऱ्यावरचं माणूस दिसेल इतका जवळ नव्हता. आता वाट बघण्यावाचून काहीच करण्यासारखं उरलं नव्हतं.

त्यांचा चेहरा माझ्यापासून वीतभर लांब होता. इतक्या जवळून मी तो कधी पाहिला होता, ते आठवेना.

ते म्हणाले, 'बोलत राहा. नाहीतर मला ग्लानी येईल.'

'काय बोलू?'

'काहीही. शाळेतलं सांग.'

मी सांगू लागले. नकाशांच्या कपाटाची किल्ली हरवली आणि शिवणाच्या सावित्रीबाईंनी ती माझ्याच पदराच्या टोकाला बांधलेली दाखवली, ती गोष्ट. सावित्रीबाई, हो, तुमचीच. अर्ध्यावर आले तोच ते म्हणाले, 'हे झालंय सांगून. मंगळवारी.'

मी म्हटलं, 'मी तुम्हाला कधी सांगितलं?'

'मला नाही. भाजी चिरताना सांगत होतीस. स्वयंपाकघरात.'

मंडळी, घरात एकटं बोलायची मला सवय होती. दिवसभर वर्गात बोललेली बाई घरी आल्यावर एकदम गप्प कशी होणार? मी भांड्यांना सांगायची, चुलीला सांगायची. ओटीवर ऐकू जात असेल अशी मला शंकाही नव्हती.

'आणि रेडिओ लावलेला असतो तुमचा?'

'बारीक करतो मी. तू सुरू केलंस की.'

रेडिओ बारीक झाला की मला वाटायचं, आता यांना झोप आली. मी आवाज आणखी खाली आणायची. ते कान देऊन बसलेले, आणि मी त्यांची झोपमोड नको म्हणून कुजबुजते आहे. असा आमचा संसार.

मला राग आला. खरंच सांगते, पाण्यात बांधलेल्या माणसाचा मला राग आला. म्हटलं, 'मग एकदा तरी हूं म्हणायचं होतं.'

लाट आली की चेहरा वर यायचा, गेली की खाली जायचा. ओठांचा रंग उतरला होता. मग म्हणाले, 'तुला घरात बोलायला कोणी नसतं.'

'असं काय म्हणता? तुम्ही असता की.'

'मी असतो होय?'

यावर मी काय म्हणायचं होतं? तुम्ही सांगा. होडी डुलत होती, ऊन डोक्यावर येत होतं. मी त्यांचा चेहरा ओल्या पदराने पुसला. पाण्यातल्या माणसाचा चेहरा ओल्या पदराने पुसून काय साधतं, तेही कळलं नाही.

मग तेच बोलू लागले. मुंबईच्या खोलीबद्दल. तिथे संध्याकाळी दिवा न लावता बसायचे, ते. लग्नानंतर मला काय सांगायचं याची मनाशी जुळवाजुळव करायचे, आणि सगळं जुळेपर्यंत मी जेवणाची पानं घेतलेली असायची, ते. बागेतल्या एका कलमाला त्यांनी मनातल्या मनात माझं माहेरचं नाव ठेवलं होतं, तेही. कुठलं कलम, ते विचारायचं माझ्याकडून राहून गेलं. वाटलं, आता वेळ आहे. तोपर्यंत त्यांचे शब्द अडखळू लागले होते, मी हलवून हलवून बोलतं ठेवत होते. मंडळी, त्यांना धरून बसले होते तितका वेळ आम्ही दोघं आधी कधी बोललो नव्हतो. आणि खोटं कशाला बोलू, नंतरही कधी बोललो नाही.

उन्हं कलायच्या सुमाराला पूर्णगडची एक मच्छीमार होडी आली. पुढे केरू उभा होता, आमच्या ओळखीचा नव्हता तेव्हा. लांबूनच ओरडला, 'कोन हाय गो बायो पान्यात?'

मी म्हटलं, 'आमचे हे!' नाव घ्यायची सगळी तालीम गेली वाऱ्यावर. परकं माणूस दिसताच मी पुन्हा बाईमाणूस झाले.

तिघांनी मिळून त्यांना वर घेतलं. पण माझ्या हातातला दोर सुटेना. बोटं वळली होती, उघडतच नव्हती. केरू माझ्यापुढे बसला आणि म्हणाला, 'सोड गो बायो. आता आमी धरलाव त्यांना.' आणि त्याने माझं एकेक बोट उलगडलं, एखाद्या पोरीच्या मुठीतला चिंचोका काढावा तसं. तर आनंदीबाई, वाचवलं ते केरूने आणि त्याच्या माणसांनी. मी धरून ठेवलं होतं.

डॉक्टर, खांदा तुम्हीच बसवलात. तुम्ही विचारलंत, 'काय झालं हो, शेवडे?' तुम्हाला आठवत असेल, ते म्हणाले, 'काठी लागली.' दोन शब्द! पाण्यातून काय तो बाहेर आला माणूस आणि पुन्हा दोन शब्दांवर आला.

त्या दिवसानंतर आमचं घर बोलकं झालं, असं तुम्हाला वाटत असेल तर तसं झालं नाही. माणसं इतकी सहज बदलत नाहीत. पाण्यातल्या त्या बोलण्याचा उल्लेख त्यांनी पुन्हा कधी केला नाही, आणि मलाही धीर झाला नाही. एवढंच झालं, की मी स्वयंपाकघरात थोडं मोठ्याने बोलू लागले. आणि मी बोलू लागले की ओटीवरचा रेडिओ आता बारीक होत नसे. बंदच होई.

सराव मात्र बदलला. त्यांनी डोलकाठीला कप्पी बसवली, दोरीची एक पायरी केली. नारळ बंद झाला. मांडवीच्या बंदराजवळ ते स्वतः पाण्यात उतरत आणि मी त्यांना कप्पीने वर काढत असे. बंदरावर बघायला गर्दी जमायची. 'शेवडेबाईंना आज मोठा मासा लागला,' असं म्हणायचे लोक. त्या लोकांपैकी काही जण आज पालक म्हणून इथे बसलेले दिसतात. असू दे. तुम्ही हसायचात आणि पाण्यातून वर येताना तेही हसायचे. कप्पीला टांगलेल्या माणसाला पाठ फिरवता येत नाही, त्यामुळे ते मला दिसायचं.

त्र्याऐंशी सालच्या श्रावणात ते गेले. होडी तेव्हा पावसाळ्यासाठी किनाऱ्यावर ओढून झापांनी शाकारलेली होती. समुद्राचा काही संबंध नाही. दुपारी ओटीवरच्या खुर्चीत बसले आणि उठले नाहीत. शेजाऱ्यांच्या लक्षात आलं ते कितीतरी वेळाने. सगुणाबाई निरोप घेऊन वर्गाच्या दाराशी आल्या, तेव्हा मी आठवीला शिकवत होते. नजर हलवायची नाही, हे मला इतकी वर्षं घोकून शिकवलं होतं. आणि त्या वेळी मी नकाशाकडे तोंड करून उभी होते.

यापुढचं थोडक्यात सांगते. परशुरामपंतांनी घड्याळाकडे पाहिलेलं मी पाहिलं.

माझा भाचा पुण्याला असतो. तो म्हणतो, मामी, आता इकडे ये. चांगला मुलगा आहे. होडी विकून टाका, असं सांगणारे तर पुष्कळ. मी विकली नाही. दिवाळी झाली की मी होडी पाण्यात लोटते आणि रविवारी एकटी रनपारला जाते. कमरेला दोर बांधते. दुसरं टोक फळीला. एकट्याच्या होडीत एवढीच तयारी असते. पडायचं नाही, बस. त्यात काही शौर्य नाही. आठवड्यातले बाकीचे दिवस शाळेमुळे निघून जायचे, रविवार त्या होडीमुळे निघायचा.

गेल्या फेब्रुवारीत सुकाणूवरचा हात काढून मी कडेवर वाकले होते. पाण्यात काही नव्हतं, उगीच वाकले. तोल गेला. पडले नाही, दोराने धरलं, पण कडेला अर्धी बाहेर लोंबकळत राहिले. आणि बघते तर होडी छान चालली होती. वारा चांगला होता, शीड भरलेलं, सरळ रनपारच्या वाटेने, काहीच झालं नसल्यासारखी. मी आत आहे की बाहेर, याचं तिला काय? मी सावरले, आत आले आणि खूप वेळ तळाशी बसून राहिले. समुद्राची भीती वाटली नाही. दोर तुटता तर 'पडली' म्हणून ओरडणारं होडीत कोणी नव्हतं, हे मात्र तेव्हा समजलं. त्या दिवशी मी बागेत गेले नाही. तशीच परत फिरले.

तर अध्यक्षमहाराज, निरोपाच्या भाषणात निवृत्त माणसाने काही मागायची रीत नाही. ती मी मोडते आहे. मला होडीत कोणीतरी हवं आहे.

भाचा म्हणतो, एखादा गडी ठेव. गडी नको. तो पगार घेऊन मला जपेल, आणि मला जपून घ्यायचं नाही. मला शिकवायचं आहे. मी पडले तर होडी वळवायची कशी, आणि तुम्ही पडलात तर मी वळवीन कशी, हे आपण दोघींनी शिकायचं. पोहायला चांगलं यायला हवं असं नाही, मलाही बेताचंच येतं. वय किती का असेना. बोलायला मात्र यायला हवं. मी मोठ्याने बोलते, आणि तुम्हीही मधूनमधून हूं म्हणायला हवं.

सावित्रीबाई, तुम्ही एकदम मान खाली का घातलीत? मी तुमच्याकडे बघतही नव्हते. पण आता विषय निघालाच आहे तर, गाठी तुमच्या माझ्यापेक्षा चांगल्या बसतात. शाळा सुटल्यावर तुम्हीही घरी एकट्या काय करता, ते मला ठाऊक आहे. मी करते तेच.

नाही, नाही, आत्ता कोणी हात वर करायचा नाही. सभेत वर केलेला हात घरी जाईपर्यंत खाली येतो, हे मी शिक्षक सभांत पुष्कळ पाहिलं आहे. विचार करा.

संस्थेने मला उभं राहायला एक फळा दिला आणि समोर ऐकणारी माणसं दिली. ही केवढी मोठी गोष्ट आहे, ते तरुण शिक्षिकांना आज कळणार नाही, आणि देव करो कधीच न कळो. अध्यक्षांचे, पाहुण्यांचे, आनंदीबाईंचे आणि मुलींनो, तुमचे मनापासून आभार. वर्गात मी रागावले असेन, कोणाचं मन दुखावलं असेल, आज नको ते घरगुती सभेत बोलले असेन, तर आजचा दिवस बघून ते मनावर घेऊ नका.

उद्या रविवार आहे. मी उजाडता उजाडता मांडवीच्या बंदरावर असेन. कोणी आलं नाही तरी जाणारच आहे. पण उद्या लगेच सुटणार नाही, जरा थांबेन.

नमस्कार.